गिरणगावाचं दुसरं टोक

नकाशावर गिरणगाव दाखवायचं तर भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत बोट फिरवलं की झालं. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड, नायगाव. पण गिरणीने ज्यांचं जगणं घडवलं त्यांची घरं शोधायला निघालं की हा नकाशा अपुरा पडतो. बोट खाली न्यावं लागतं: मंडणगड, दापोली, गुहागर, संगमेश्वर, राजापूर, देवगड, मालवण, पार वेंगुर्ल्यापर्यंत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला सूतगिरणी काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतर कित्येक दशकं मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक माणसं पुरवणारा जिल्हा रत्नागिरी हाच होता. सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला.

गिरणीच्या इतिहासात मालक, युनियन, संप आणि चिमण्या यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. कोकणातल्या भाताच्या कुणग्यांनी, म्हणजे लहान खाचरांनी, या गिरण्या किती पोसल्या, हे मात्र फार थोडक्यात आटपलं जातं. माझ्या मते गिरणीचा खरा ताळेबंद तिथेच आहे.

आधी गिरणीच्या आतलं काम नीट पाहू, कारण बाकीचं सगळं त्यातून निघालं.

कापसाच्या धाग्याला ओलावा लागतो. दमट हवेत तो मजबूत होतो, कोरड्या हवेत ठिसूळ. कताई खात्यात हवेत साधारण ५५ ते ६० टक्के आर्द्रता पुरते, विणकाम खात्यात मात्र ७५ ते ८५ टक्के लागते, कारण मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांना सतत ओढ आणि घर्षण सोसावं लागतं. किनाऱ्यावरची मुंबईची हवा या कामाला अनुकूल होती, तरी हिवाळ्यात ती कोरडी पडायची. म्हणून खिडक्या बंद ठेवून आत वाफ किंवा पाण्याचा फवारा सोडला जायचा. प्रमाण चुकलं की दोन्हीकडून नुकसान. ओल कमी पडली तर ताणा पटापट तुटतो. जास्त झाली तर रोलरवर कापूस गुंडाळला जातो, लोखंडाला गंज चढतो आणि खळ दिलेल्या धाग्याला बुरशी येते. ती बुरशी टाळायला खळीत झिंक क्लोराइड घालत. धाग्याला मानवणारी ही हवा माणसाला मानवत नव्हती. हवा आधीच पाण्याने भरलेली असली की अंगावरचा घाम उडत नाही, आणि घाम उडाला नाही तर अंग थंड होत नाही. मे महिन्यात बंद खात्यात आठ तास उभं राहणं म्हणजे काय, ते यावरून ओळखावं.

कापसाची गाठ फोडल्यापासून कापडाची घडी होईपर्यंत माल खात्याखात्यातून पुढे जायचा. ब्लो रूममध्ये कापूस पिंजून कचरा काढायचा, कार्डिंगमध्ये तंतू विंचरायचे, ड्रॉइंगमध्ये पेळू एकत्र ओढून सारखे करायचे, मग त्यांना हलका पीळ देऊन रिंग फ्रेमवर सूत काढायचं. पुढे वाईंडिंग, वार्पिंग, सायझिंग म्हणजे खळ देणं, मग साचेखातं (साचा म्हणजे माग) आणि शेवटी फोल्डिंग. पहिल्या दोन खात्यांत धूळ सर्वात जास्त आणि पगार कमी. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची, बिसिनोसिसची, ही ठळक खूण आहे. आठवडा सरता सरता ते कमी व्हायचं आणि पुढच्या सुट्टीनंतर परत सुरू. म्हणून कित्येकांनी ते दुखणं मानलंच नाही.

रिंग फ्रेमवर दोन्ही बाजूंना मिळून चारशेच्या आसपास चात्या, म्हणजे बॉबीन फिरवणाऱ्या उभ्या तकल्या, असत. प्रत्येक चातीभोवती एक पोलादी कडं, आणि त्या कड्यावर ट्रॅव्हलर नावाचा, बोटाच्या चिमटीत जेमतेम सापडेल एवढा लोखंडी आकडा मिनिटाला हजारो फेरे घेत फिरतो. त्याच्यामुळेच सुताला पीळ बसतो आणि सूत बॉबीनवर गुंडाळलं जातं. धागा तुटला की कामगाराने चाती हाताने किंवा गुडघ्याने थोपवायची, बॉबीनवरचं टोक शोधायचं, ते ट्रॅव्हलरखालून घेऊन वरच्या आकड्यातून काढायचं, पुढच्या रोलरमधून बाहेर पडणाऱ्या तंतूंना टेकवायचं आणि त्याच क्षणी चाती सोडायची. सराईत हाताला तीन-चार सेकंद पुरतात. उशीर झाला तर मोकळा कापूस रोलरवर बसतो किंवा तुटलेलं टोक झोका खाऊन शेजारचा धागा तोडतं. एकाचे दोन, दोनाचे चार. त्यामुळे एका माणसाने किती चात्या सांभाळायच्या, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसला तरी त्याच्या पायांचा आणि डोळ्यांचा होता. १९२८ चा सहा महिन्यांचा संप याच गोष्टींवरून पेटला: कताईत एका बाजूऐवजी दोन बाजू, आणि विणकामात दोन साच्यांऐवजी तीन.

दोन साचे तरी काय असतात, ते मोजून पाहू. विसाव्या नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या वीस लडी, एकूण १६,८०० वार. आडव्या धाग्याच्या एका कांडीवर २० ग्रॅम सूत असेल तर ते सुमारे ७४० वार भरतं. चाळीस इंची साचा मिनिटाला १८० वेळा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा) फेकत असेल तर मिनिटाला २०० वार सूत खातो. म्हणजे कांडी चार मिनिटांच्या आत संपते. साचा थांबवायचा, धोटा काढायचा, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हे टोक तोंडाने ओढून घेत. धोटा ओठांना लावायचा आणि श्वास आत खेचायचा. टोक बाहेर येतं, त्याच्यासोबत तूस आणि धूळ घशात जाते. मधला खोळंबा वजा केला तरी दोन साच्यांवर आठ तासांच्या पाळीत ही क्रिया दोनशेच्या वर होते. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडाला लावायचा, तिसऱ्या पाळीचा तिसरा.

याच धोट्याच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना साचेखात्याचा दरवाजा बंद होता. कांडी तोंडाने ओढायची म्हणजे विटाळ, असं कारण द्यायचे. आणि साचेखात्यात तर गिरणीतला सर्वात चांगला पगार. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, आणि मुंबईतला त्यांचा बराच काळ परळच्या चाळीत गेला. कोकणातल्या वाड्यांची विभागणी गिरणीच्या खात्यांत जशीच्या तशी उतरली होती, हे सांगितल्याशिवाय गिरणगावच्या एकजुटीचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं.

कापड बिघडलं तर दंड. आडवा धागा सुटला, खळ जास्त होऊन ताणा कडक झाला आणि तुटत राहिला, तेलाचा डाग पडला, तरी भुर्दंड विणणाऱ्याला. खळ देणाऱ्या खात्याची चूक साचेवाल्याच्या पगारातून कापली जायची. पूर्वी असं बिघडलेलं कापडच कामगाराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करत. कानांचं तर विचारूच नये. शेकडो साचे एकदम चालू असलेल्या खात्यात माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलायची. गावी गेलेला साचेवाला मोठ्याने का बोलतो, हे घरच्यांना सांगावं लागत नसे.

या कामासाठी माणूस सकाळी सातच्या भोंग्याला दारात हजर. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, मग रातपाळी. कायम कामगार खाडा करील तिथे बदलीवाला लागायचा. कुणाला घ्यायचं हे पूर्वी जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, हातात होतं. जॉबर स्वतः बहुतेकदा गावाकडचा. त्याच्या ओळखीने भाऊ यायचा, भाच्याला बदलीत लावायचा, मेहुण्याला खोलीत जागा मिळायची. गिरणीला या व्यवस्थेचा मोठा फायदा होता. मागणी असेल तितकी माणसं घ्यायची, मंदी आली की बदलीवाल्याला दारातूनच परत पाठवायचं. त्या दिवशी त्याच्या पोटाची जबाबदारी कुणाची? गावाची.

चाळीतली खोलीही पाळ्यांवरच चालायची. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला या चाळी उभ्या राहिल्या. अशा एका खोलीत एका गावचे पंधरा-वीस जण राहत. पहिली पाळीवाले उठून गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर अंग टाकत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला खुंटी. भाडं वर्गणीतून. गावच्या मंडळाची खोली असेल तर तिचा हिशेब वहीत, भांडण झालं तर निवाडा मंडळात, आणि नवा पोरगा गावाहून आला तर नोकरी लागेपर्यंत त्याला सांभाळायची जबाबदारीही मंडळाची. जेवण खानावळीत. खानावळवाली बहुतेक गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा. कोकण्याला भात आणि माशाचं कालवण, घाटावरच्याला भाकरी. पैसे महिन्याच्या पगारावर, म्हणजे महिनाभर ती बाई सावकाराकडून उधार आणून चूल पेटवायची. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणगावच्या कामांतलं हे एक अतिशय मोलाचं काम आहे.

आता दुसरं टोक.

मुंबईतल्या त्या खोलीत बायका-मुलं का नव्हती? जागा नव्हती हे खरं, पण पगारही तेवढा नव्हता. गिरणीचा पगार सुरुवातीपासून एका माणसाच्या पोटाच्या हिशेबाने बेतलेला होता. गावातलं बाकीचं कुटुंब कुणग्यातल्या भातावर जगतं, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. कोकणातली जमीन थोडी, खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाटा डोक्यावर (खोती कायद्याने १९४९ साली गेली), पीक एकच. त्या जमिनीतून वर्षाचं पुरं खाणं निघत नव्हतं, आणि गिरणीच्या पगारातून पुरं कुटुंब पोसत नव्हतं. दोन अपुऱ्या गोष्टी एकमेकींना बांधून संसार चालायचा, आणि ती गाठ सांभाळायची गावातली बाई.

तिचं वर्ष असं असायचं. उन्हाळ्यात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर शेण, पालापाचोळा, कवळ पसरून भाजावळ. त्याने तणाचं बी जळतं आणि राख मिळते. मृगाच्या पावसावर तरवा पेरायचा. एका एकराच्या लावणीला चारेक गुंठ्यांचा तरवा लागतो. एकवीस ते पंचवीस दिवसांत तो लावणीला येतो, आणि तिथून घाई सुरू होते, कारण तरवा महिन्याच्या पुढे गेला की फुटवे कमी येतात आणि लोंब्या तुटपुंज्या. चिखलणीला जोत, म्हणजे बैल-नांगर, हवं. नांगर धरायला घरी पुरुष नाही, म्हणजे जोत दुसऱ्याचं आणायचं. त्याचे पैसे मुंबईच्या मनीऑर्डरीतून. मनीऑर्डर आठ दिवस उशिरा आली तर जोत दुसऱ्याच्या शेतात जायचं, तरवा जून व्हायचा, आणि त्याचा फटका कापणीला कणगीत दिसायचा. गिरणीतला खाडा किंवा बदलीवाल्याला न मिळालेला दिवस इतक्या लांबून भातात उतरायचा. एक एकर लावायला दहा-बारा बायकांचा पूर्ण दिवस जातो, तो एकमेकींच्या शेतात राबून फेडायचा.

पुरुष लावणीला का येत नव्हता, याचं एक कारण समुद्र. रस्ता होईपर्यंत कोकणात जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्याला लागायची नाही. खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी पडावातून उतरायची. मे संपता संपता बोटी बंद. पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाहतूक थांबायची आणि नारळी पौर्णिमेच्या आगेमागे पुन्हा हंगाम उघडायचा. म्हणजे भाताला माणूस सर्वात जास्त हवा असायचा, नेमके तेच महिने समुद्र बंद. एप्रिल-मेमध्ये लग्नं, घर शाकारणं, भाजावळ उरकून मुंबईकर शेवटच्या बोटीने परत. गिरण्यांतले खाडेही याच दोन महिन्यांत सर्वात जास्त असत. नारळी पौर्णिमेनंतर अठरा-एकोणीस दिवसांनी गणेश चतुर्थी येते. कोकणात चाकरमान्यांचं येणं गणपतीशी इतकं घट्ट का जोडलं गेलं, त्याला भक्तीइतकाच बंदरांचा हाही हिशेब असावा असं मला वाटतं. जवळच्या फेऱ्या पावसातही चालत, आणि त्याची किंमत १७ जुलै १९४७ ला मोजावी लागली; रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे एसटी आली, परळ डेपोतून गाड्या सुटू लागल्या, आणि बोटी मागे पडल्या. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ मध्ये, गिरण्या संपत आल्यावर.

मनीऑर्डरीतून गावात शाळेची खोली झाली, देवळावर कौलं चढली, विहिरीला पायऱ्या आल्या. मुंबईत बसलेली ग्रामस्थ मंडळं वर्गणी काढून ही कामं करायची, आणि गावात काय व्हावं याचा निर्णयही त्यांच्याकडेच जायचा. नमन-खेळे, जाखडी, डबलबारी भजनं हे सगळं मुंबईत गेलं, परळच्या दामोदर हॉलमध्ये रंगलं आणि नवे साज घेऊन शिमग्या-गणपतीला गावी परतलं. बाईच्या वाट्याला मात्र कष्ट आले, निर्णय आले नाहीत. शेत ती कसायची, सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. रत्नागिरी जिल्ह्यात अजूनही पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १,१२२. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. त्याच्यामागे परगावी गेलेले पुरुष आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. नेतृत्व डॉ. दत्ता सामंतांचं, ते स्वतः मालवणजवळच्या देवबागचे. जानेवारी हा कोकणात भात घरात असण्याचा काळ. हजारो कामगार खोलीचं भाडं आणि खानावळीचा खर्च वाचवायला गावी गेले, आणि त्यामुळेच हा संप इतका ताणता आला. मालकाला पगार कमी ठेवू देणारी जमीन आता कामगाराला तगवत होती. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की माणसं दारापासून दूर पांगली. चैत्रापर्यंत कणग्या रिकाम्या झाल्या, मनीऑर्डर नाही म्हणून जोताला पैसे नाहीत, आणि तिकडे गिरण्या नवी माणसं घेऊन थोडी थोडी खाती चालू करू लागल्या. गावात बसलेल्याला हे कळायचं ते पत्राने, आठ-दहा दिवसांनी. संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकलं, आणि चाळिशी-पंचेचाळिशीतला माणूस कमी ऐकू येणारे कान आणि धाप लागणारी छाती घेऊन कायमचा गावी आला.

त्याला नांगर धरता येत नव्हता. वीस-पंचवीस वर्षं सूत सांधलेल्या हातांना शेतीची सवय राहिली नव्हती, आणि शेताचा कारभार बायकोच्या अंगवळणी पडलेला. कित्येक घरांत ही वर्षं फार जड गेली. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर काजू-आंब्याची कलमं लागली, आणि काही घरांना आधार मिळाला. बाकीच्यांची मुलं परत मुंबईकडे, या वेळी वसई-विरार, दिवा, डोंबिवली.

गिरण्यांच्या जमिनीतून कामगारांना घरं देण्याचं ठरलं, २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचं. अर्ज सुमारे दीड लाख, घरं त्या मानाने फारच थोडी. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचे वारस पात्र. पुरावा म्हणून गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, हजेरी पास, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा ईएसआयचा क्रमांक, पगाराची पावती, ग्रॅच्युइटीचे कागद चालतात. आणि हे कागद आहेत कुठे? बरेचसे कोकणातल्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, चाळीस पावसाळे खाऊन. गिरणीत नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं. कुठे आडनाव गावावरून लावलेलं, कुठे वडिलांचं नाव चुकीचं चढलेलं. वारसाचं काम तिथेच अडतं.

अजून ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांनी ती या पावसाआधी उघडावी. चिकटलेले कागद ओढून सुटे करू नयेत, सावलीत वाऱ्यावर वाळू द्यावेत, आणि तिकीट नंबर, खात्याचं नाव, फंडाचा क्रमांक दिसेल असे फोटो आधी काढून घ्यावेत. लाल पासवरची शाई सर्वात आधी उडते. आजी हयात असेल तर तिला विचारून आजोबांचं खातं, पाळी, जॉबरचं नाव आणि खोलीचा पत्ता लिहून ठेवावा; मनीऑर्डरीच्या पावत्या तिने जपल्या असतील तर त्याही. आणि त्या वर्षांत घरच्या शेतात लावणी कुणी केली, जोत कुणाचं आणलं, किती पैसे दिले, तेही त्याच वहीत लिहावं.